न्यायमूर्तींना मत देण्याआधी त्यांचे निकाल वाचा

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदारांना हे आवाहन आहे. केरी, मॉरिसव्हिल, शार्लट या भागांत आपली वस्ती आता चांगलीच वाढली आहे. मतदानाच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर इथपर्यंत आपला हात भराभर चालतो. मग मतपत्रिकेच्या खालच्या भागात ‘कोर्ट ऑफ अपील्स’ अशी ओळ येते. तिच्याखाली दोन अनोळखी नावं असतात. आपल्यापैकी कितीतरी जण ती जागा रिकामी सोडतात, नाहीतर नावासमोरचा पक्ष बघून गोल भरतात आणि पुढे जातात. माझी विनंती अशी की त्या नावांसाठी मतदानाआधीची एक संध्याकाळ राखून ठेवा. ती का राखायची आणि त्या संध्याकाळी नेमकं काय पाहायचं, ते पुढे सांगतो.

आपण वाढलो त्या देशात न्यायाधीश निवडून येत नाहीत. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसाठी किमान 10 वर्षं उच्च न्यायालयात वकिली किंवा 10 वर्षं न्यायिक पद, अशी राज्यघटनेची अट आहे. अमेरिकेतही फेडरल न्यायाधीश नेमलेलेच असतात. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट संमती देतं. राज्यांच्या न्यायालयांची तऱ्हा मात्र राज्यागणिक वेगळी. 1832 मध्ये मिसिसिपी राज्यानं आपले सगळे न्यायाधीश लोकांनी निवडावेत असं ठरवलं आणि मग ती पद्धत पसरत गेली. आज 38 राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या स्वरूपात मतदारांपुढे यावं लागतं. न्यू जर्सीत गव्हर्नर नेमतो आणि राज्याचं सिनेट मान्यता देतं, त्यामुळे एडिसनला राहणाऱ्या आपल्या नातलगांवर ही जबाबदारी येत नाही. आपल्यावर येते. न्यायाधीशांनी मतं मागत फिरावं हे कित्येकांना पटत नाही आणि त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. पण पद्धत बदलेपर्यंत निवड आपल्याच हातात आहे, आणि आपण केली नाही तर ती दुसरं कोणीतरी करणार आहे.

आधी हे न्यायालय करतं काय ते पाहू. नॉर्थ कॅरोलायनाचं कोर्ट ऑफ अपील्स 1967 मध्ये सुरू झालं. तिथे 15 न्यायमूर्ती आहेत. ते साऱ्या राज्यातून निवडले जातात आणि प्रत्येकाची मुदत 8 वर्षांची असते. प्रकरण तिघांच्या पीठापुढे जातं. तिथे साक्षीदार येत नाहीत, ज्युरी बसत नाही, नवा पुरावा मांडता येत नाही. खालच्या न्यायालयात जे घडलं त्याची लेखी नोंद आणि दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद वाचून तिथले न्यायमूर्ती ठरवतात की कायद्याची चूक झाली का, आणि झाली असेल तर निकाल बदलण्याइतकी मोठी होती का. बऱ्याच प्रकरणांत वकिलांचा तोंडी युक्तिवादही होत नाही. म्हणजे या न्यायमूर्तीचं खरं काम वाचणं, विचार करणं, दोन सहकाऱ्यांशी चर्चा करणं आणि लिहिणं हे आहे.

तिथे जाणारी प्रकरणं आपल्या घरापासून दूरची नाहीत. घटस्फोटानंतर मुलांचा ताबा कोणाकडे, पोटगी किती, कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मिळणार की नाही, नोकरी सोडताना सही केलेला ‘प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ हा करार किती बांधील, घरमालक संघटनेनं ठोकलेला दंड योग्य की अयोग्य, शेजारच्या जमिनीवर काय बांधता येईल, डॉक्टरच्या हलगर्जीपणाचा दावा टिकेल का: हे सगळे वाद खाली हरलेला पक्ष तिथे नेऊ शकतो. फौजदारी अपिलंही तिथेच जातात. फाशीची शिक्षा झालेली प्रकरणं तेवढी थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जातात.

2023 पासून या न्यायालयाचं वजन आणखी वाढलं आहे. त्याआधी तिघांपैकी एका न्यायमूर्तीनं भिन्नमत नोंदवलं, तर हरलेल्या पक्षाला त्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क आपोआप मिळायचा. विधिमंडळानं तो हक्क काढून टाकला. आता बहुतेक प्रकरणं पुढे ऐकायची की नाही, हे सर्वोच्च न्यायालय स्वतः ठरवतं. साध्या माणसाच्या बहुतेक खटल्यांचा शेवटचा थांबा हे तिघांचं पीठच असतं.

इतक्या मोठ्या पदासाठी कायदा किती पात्रता मागतो? फार थोडी. उमेदवार या राज्यात वकिली करण्याचा परवाना असलेला हवा. किती वर्षं वकिली केली, अपिलं चालवली की नाही, याची अट नाही. वयाच्या दुसऱ्या टोकाला मर्यादा आहे: 76 व्या वर्षी निवृत्ती. टेक्सासमध्ये हेच पद हवं असेल तर किमान 35 वर्षं वय आणि वकील किंवा न्यायाधीश म्हणून 10 वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे अनुभवाची चाळणी कायद्यानं लावलेली नाही. ती मतदारांनीच लावायची आहे.

परवान्याची ही साधी अटसुद्धा एका धड्यानंतर आली, आणि तो धडा प्रत्येक मतदारानं लक्षात ठेवावा असा आहे. 1974 मध्ये राज्याच्या सरन्यायाधीशपदाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाकडून सुझी शार्प उभ्या होत्या. त्या 1962 पासून सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होत्या. रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत एल्रेटा अलेक्झांडर उभ्या होत्या. कोलंबिया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, 1968 मध्ये ग्रीन्सबरोत निवडून आलेली जिल्हा न्यायाधीश, कामाचा अनुभव भक्कम. त्यांच्यासमोरचा उमेदवार अग्निशमनाची उपकरणं विकायचा. त्यानं कायद्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. प्रायमरीत तोच जिंकला. मतदारांनी दोघांची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली असती तर तो निकाल लागला असता का? नोव्हेंबरमध्ये शार्प मोठ्या फरकानं निवडून आल्या आणि एखाद्या राज्याच्या सरन्यायाधीशपदी लोकांनी निवडून दिलेल्या देशातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यानंतर 1980 मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली: यापुढे न्यायाधीशपदाला वकिलीचा परवाना सक्तीचा. पण परवाना म्हणजे उंबरठा. तो ओलांडून आलेल्या दोघांतला अधिक योग्य कोण, हे कुठलीही दुरुस्ती सांगू शकत नाही.

पक्षाचं नाव ते सांगेल असं वाटत असेल तर जरा इतिहास बघा. 2004 पासून काही वर्षं या निवडणुकांत मतपत्रिकेवर पक्ष छापला जात नव्हता. 2014 मध्ये कोर्ट ऑफ अपील्सच्या एका रिकाम्या जागेसाठी तब्बल 19 जण उभे राहिले आणि एक चतुर्थांशाहून कमी मतांवर विजेता ठरला. म्हणजे पक्ष काढून टाकला की मतदार आपोआप शहाणा होतो असं नाही. माहिती नसेल तर तो चाचपडतो. आता पक्षाचं नाव पुन्हा छापलं जातं. त्यातून उमेदवाराचा कल थोडाफार कळतो, हे मी नाकारत नाही. पण त्यानं खालच्या न्यायालयाची नोंद नीट वाचली असेल का, हरणाऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं असेल का, चूक दिसली तर आपल्या बाजूच्या माणसालाही ती दाखवेल का, यांतलं काहीच त्या एका शब्दातून कळत नाही.

‘माझ्या एका मतानं काय होणार?’ असं मनात येत असेल तर दोन आकडे सांगतो. 2020 मध्ये राज्याच्या सरन्यायाधीशपदी पॉल न्यूबी निवडून आले, शेरी बीझली हरल्या. जवळपास 54 लाख मतं पडली होती आणि फरक होता 401 मतांचा. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी ॲलिसन रिग्ज आणि कोर्ट ऑफ अपील्सचे न्यायमूर्ती जेफरसन ग्रिफिन यांच्यात लढत झाली. सुमारे 55 लाख मतांत फरक 734 चा. ग्रिफिन यांनी 60 हजारांहून अधिक मतांवर आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. एप्रिल 2025 मध्ये कोर्ट ऑफ अपील्सच्या तिघांच्या पीठानं 2 विरुद्ध 1 असा निकाल दिला की या मतदारांनी ठरलेल्या मुदतीत आपली माहिती पुरी केली नाही तर त्यांची मतं धरू नयेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाचा मोठा भाग फिरवला, मे महिन्यात फेडरल न्यायाधीशानं उरलेला प्रश्न निकाली काढला, ग्रिफिन यांनी हार मान्य केली आणि रिग्ज यांनी शपथ घेतली. कोणाची बाजू बरोबर होती यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. पण ज्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं होतं, त्यांचं मत धरायचं की नाही हे तीन न्यायमूर्ती ठरवत होते, आणि त्यांतल्या एकाचं मन वेगळं असतं तर निकाल उलटा लागला असता, हे कोणीच नाकारणार नाही. त्या तिघांची निवड आपल्यासारख्यांच्याच मतांवर होत असते.

आता त्या संध्याकाळी काय पाहायचं ते सांगतो. मुलीसाठी स्थळ बघताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, नुसत्या फोटोवर भागवत नाही. तेवढी चौकशी इथेही करायची आहे.

सगळ्यात आधी उमेदवारानं आजवर काय काम केलं ते पाहा. अपिलं लिहिली आणि चालवली आहेत का? खालच्या न्यायालयात न्यायाधीश होता का? सरकारी वकील, बचावाचा वकील, दिवाणी वकील, यांपैकी काय? कुठलाही एकच रस्ता बरोबर असं नाही. खटले चालवलेल्या माणसाला न्यायालयातली धावपळ ठाऊक असते; अपिलं चालवलेल्याला कायद्याचे बारकावे ठाऊक असतात. आपल्या राज्यात स्टेट बार अपिलाच्या कामातलं विशेष प्रावीण्याचं प्रमाणपत्र देते, ते असेल तर जमेची बाजू. ज्यानं आयुष्यभर दोन्हींपैकी एकही काम फारसं केलेलं नाही, त्यानं या पदावर का यावं, याचं उत्तर त्यानंच द्यायला हवं.

मग त्यांचं लिखाण वाचा. उमेदवार आधीपासून त्या न्यायालयात असेल तर त्याचे निकाल राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दोन निकाल आणि एक भिन्नमत एवढं पुरे. कायद्याचं शिक्षण लागत नाही. वाचताना एवढंच बघा: हरलेल्या पक्षाचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं आहे का, की त्याला आधीच मूर्ख ठरवलं आहे? तो का हरला, हे वाचून तुम्हाला कळलं का? कायद्याच्या शब्दांवर आणि आधीच्या निकालांवर बोट ठेवून युक्तिवाद पुढे जातो का, की मधेच भाषण सुरू होतं? सहकाऱ्यांशी असहमत होताना भाषा सभ्य राहते का? उमेदवार अजून न्यायमूर्ती नसेल तर त्यानं लिहिलेल्या अपिलांवर आलेले निकाल शोधा. वकिलाचं नाव त्यांत असतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: हा माणूस आपल्याच लोकांविरुद्ध निकाल देऊ शकतो का? आपल्या घरांत रामशास्त्री प्रभुणे यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, कारण नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवताना त्यांनी समोरच्याची सत्ता पाहिली नाही. तोच निकष इथे लावा. आपल्या पक्षाला, आपल्या देणगीदाराला किंवा लोकमताला न आवडणारा निकाल या उमेदवारानं कधी दिला आहे का? दुसऱ्या पक्षाकडून निवडून आलेल्या सहकाऱ्याच्या निकालावर सही केली आहे का? एखादाही असा निकाल सापडला नाही, तर ते गंभीर समजा, उमेदवार तुमच्या आवडत्या पक्षाचा असला तरी.

चौथं, पैसा. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध 5 कोटी डॉलरचा निवाडा झाला होता. अपील बाकी असताना 2004 च्या निवडणुकीत त्या कंपनीच्या प्रमुखानं न्यायमूर्तिपदाच्या एका उमेदवाराच्या बाजूनं सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार जिंकला, त्या अपिलातून बाजूला झाला नाही, आणि निवाडा 3 विरुद्ध 2 मतांनी रद्द झाला. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की त्या न्यायमूर्तीनं बाजूला व्हायलाच हवं होतं. आपल्या राज्यात उमेदवाराला मिळालेल्या देणग्यांचा हिशोब निवडणूक मंडळाकडे असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. मोठे देणगीदार कोण आणि त्यांचे खटले कुठे चालू आहेत, यावर एक नजर टाका.

पाचवं, शिस्तभंगाची नोंद. वकिलावर झालेली जाहीर कारवाई स्टेट बारच्या यादीत दिसते. न्यायाधीशाच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारी ज्युडिशियल स्टँडर्ड्स कमिशनकडे जातात, आणि सर्वोच्च न्यायालयानं केलेली जाहीर कारवाई प्रसिद्ध होते. ओळखीत वकील असतील तर त्यांनाही विचारा. पण जिंकलेल्या वकिलाला विचारू नका. त्या न्यायाधीशापुढे हरलेल्या वकिलाला विचारा. ‘हरलो, पण नीट ऐकून घेतलं’ असं हरलेला माणूस म्हणाला, तर त्याहून चांगलं शिफारसपत्र नाही.

काही गोष्टींवर मात्र विसंबू नका. ‘गुन्हेगारांना गजाआड करणार’ अशी जाहिरात करणाऱ्याला विचारा की अपील न्यायालय कुणाला गजाआड कसं करतं. तिथे तर खटला कायद्यानं चालला का एवढंच पाहतात. एखाद्या वादावर निकाल कसा देणार हे आधीच सांगून मतं मागणाऱ्यापासून तर दूरच राहा. ज्यानं बाजू ऐकण्याआधी ठरवलं, त्याच्यापुढे उद्या तुम्ही उभे राहिलात तर तुमचं काय होईल? व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘यांना मत द्या’ यादी न तपासता पुढे पाठवू नका. आणि कधी मतपत्रिकेवर भारतीय किंवा मराठी आडनाव दिसलं तर अभिमान जरूर वाटू द्या, पण वरचे पाचही प्रश्न त्यालाही तसेच लावा. आपलं माणूस म्हणून मोजमाप सैल केलं, तर दुसऱ्यांनी ‘आपलं नाही’ म्हणून ते कडक केलं याबद्दल तक्रार करायचा हक्क आपण गमावतो.

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आपल्या गणपतीला, दिवाळीच्या कार्यक्रमाला येतात, समोसा खातात, फोटो काढतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: त्यांना माइक द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना बोलवा आणि दोन प्रश्न विचारा. ‘तुम्हाला व्यक्तिशः न आवडलेला, पण कायद्यानं द्यावा लागला असा तुमचा एखादा निकाल किंवा खटला सांगा.’ ‘कुठल्या परिस्थितीत तुम्ही एखाद्या प्रकरणातून बाजूला व्हाल?’ उत्तरं ऐकून श्रोत्यांना पुष्कळ कळेल.

आता कामाच्या चार गोष्टी. मत फक्त नागरिकांनी द्यायचं आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांनी चुकूनही देऊ नये, नोंदणीही करू नये, परिणाम फार वाईट होतात. नागरिक असाल तर राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर आपलं नाव शोधा. तिथेच तुमच्या पत्त्याची नमुना मतपत्रिका निवडणुकीआधी मिळते. तिची प्रत काढा आणि न्यायालयांच्या ओळींवर खूण करा. एका गोलात सगळ्या पक्षाला मत द्यायची सोय या राज्यात उरलेली नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी भरावी लागते. जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्या. अर्ली व्होटिंगच्या काळात गेलात तर गर्दी कमी असते, आणि नोंदणी राहून गेली असेल तर पत्त्याचा पुरावा दाखवून तीही तिथेच करता येते. कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नसेल, तरी प्रायमरीत दोन्हींपैकी एका पक्षाची मतपत्रिका तुम्ही मागू शकता. 1974 ची चूक प्रायमरीतच झाली होती, म्हणून प्रायमरी चुकवू नका.

वाचून झाल्यावर तुम्ही कोणाला मत द्याल हा तुमचा निर्णय. मी कुठलंच नाव सुचवत नाही. तुम्ही आणि तुमचा शेजारी तेच निकाल वाचून वेगवेगळ्या उमेदवारांकडे वळलात, तरी माझी हरकत नाही; दोघांनीही आपलं काम केलेलं असेल. या न्यायमूर्तीची मुदत 8 वर्षांची आहे. तेवढ्या काळात कुणाचं मूल कुणाकडे राहणार, कुणाची भरपाई बुडणार, कुणाचं मत धरलं जाणार हे तो ठरवत राहील, आणि मध्येच त्याला जाब विचारण्याची संधी आपल्याला मिळणार नाही. जी काही विचारपूस करायची ती मत देण्याआधीच. तेव्हा नमुना मतपत्रिका आली की घरातल्या सगळ्या मतदारांना जेवणाच्या टेबलाशी बसवा, न्यायालयाच्या प्रत्येक जागेसाठी दोन्ही उमेदवारांचा एकेक निकाल किंवा एकेक खटला वाचा, मत ठरवा, आणि ते द्यायला नक्की जा.